मालक पुण्यात, मैदान ब्लॅकबर्नला

मागच्या अंकात फुटबॉल क्लबच्या मालकांवर चार ओळी लिहिल्या होत्या. क्लब विकत घेणाऱ्याने मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, नेमायच्या आधी निदान क्लबमधल्या जुन्या जाणत्या माणसाला विचारावं, एवढंच म्हणलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यांनाच देतोय.

प्रश्न : सर, मी मूळचा पुण्याचा, सिंहगड रोडचा. तीन वर्षं झाली, मँचेस्टरजवळ नोकरीला आहे. ऑफिसात एक पन्नाशीचा सहकारी आहे, एकदम गप्पिष्ट माणूस. परवा त्याने विचारलं भारतात कुठला, मी पुणे म्हणलं आणि त्याचा चेहराच उतरला, म्हणाला मी ब्लॅकबर्न रोव्हर्सचा आहे, आणि मग दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, माझा त्यात काय संबंध! नक्की झालंय काय तिथे? आणि दुसरं म्हणजे तोच आता म्हणतोय की तुझ्या मुलाला घेऊन एकदा मॅचला ये. जावं का? — एक वाचक, सध्या इंग्लंड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, कारण आधी पहिलं नीट सांगायला हवं, त्याशिवाय तो माणूस गप्प का झाला ते कळणार नाही.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं जुनं कापड गिरण्यांचं गाव. क्लब १८७५ चा, आणि १८८८ ला इंग्लंडची लीग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या बारा क्लबांतला एक. नव्वदच्या दशकात गावातलाच जॅक वॉकर नावाचा पोलादाच्या धंद्यात पैसा कमावलेला माणूस मालक झाला, त्याने केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, अॅलन शिअररला आणलं, आणि १९९५ ला हा लहान गावातला क्लब प्रीमियर लीग, म्हणजे तिकडची सगळ्यात वरची लीग, जिंकला. वॉकर २००० साली गेला. त्यानंतर क्लब त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे होता आणि त्यांनी तो नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज ग्रुपला विकला, २ कोटी ३० लाख पौंडांना, वर क्लबचं कर्ज होतं ते वेगळं. आपल्याकडे व्यंकीज म्हणलं की कोंबडी, अंडी, पोल्ट्रीची औषधं, सगळ्यांना माहीत असलेलं नाव. तिकडे ते कोणालाच माहीत नव्हतं, पण सुरुवातीला लोकांनी त्यांचं स्वागत केलं होतं हे लक्षात ठेवा.

विकत घेऊन महिनासुद्धा झाला नव्हता तर मॅनेजर सॅम अॅलर्डाइसला काढलं. टीम तेव्हा तेराव्या नंबरवर होती, म्हणजे ब्लॅकबर्नसारख्या क्लबसाठी काही वाईट नव्हे. त्याच्या जागी कोचिंग स्टाफमधल्या स्टीव्ह कीनला बसवलं, ज्याने त्याआधी कुठल्याच क्लबचा मॅनेजर म्हणून काम केलेलं नव्हतं, आणि क्लब घेताना ज्या एजंटचा सल्ला घेतला होता तोच कीनचाही एजंट होता. फॅन्सना खटकलं ते इथे. कीन माणूस वाईट म्हणून नाही तर हा निर्णय कोणी घेतला, कशाच्या जोरावर घेतला हे सांगायला कोणीच नव्हतं म्हणून. थोड्याच दिवसांत जुना चेअरमन जॉन विल्यम्स गेला, ज्याने कित्येक वर्षं कमी पैशात क्लब वरच्या लीगमध्ये टिकवला होता. म्हणजे ज्याला विचारावं असा माणूसच उरला नाही.

पहिल्या वर्षी खालच्या लीगमध्ये जाण्यापासून शेवटच्या दिवशी कसेबसे वाचले. दुसऱ्या वर्षी नाही वाचले. ७ मे २०१२, घरच्या मैदानावर, इवूड पार्कला, विगनविरुद्ध मॅच, आणि कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ते फुटेज मी बऱ्याचदा बघितलंय. कोंबडी गवतावर इकडून तिकडे पळतेय, तिला धरायची धावपळ चाललीये, आणि स्टँडमधली माणसं हसत नाहीयेत. मॅच १-० ने गेली आणि अकरा वर्षं प्रीमियर लीगमध्ये असलेला क्लब खाली गेला.

त्याच्या पुढचा सीझन तर ऐकवत नाही. कीनने सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. मग हेनिंग बर्ग आला, हा १९९५ च्या चॅम्पियन टीममधला बचावपटू, म्हणजे घरचाच माणूस, तर त्याला ५७ दिवसांत काढलं. मग मायकेल अॅपलटन, तो ६७ दिवस. मधे मधे हंगामी माणसं धरली तर एका सीझनमध्ये पाच जण त्या खुर्चीवर बसले. बर्गचा तीन वर्षांचा करार होता, तो कोर्टात गेला आणि क्लबला त्याला २२ लाख ५० हजार पौंड द्यावे लागले. त्या केसमध्ये क्लबने काय सांगितलं माहितीये का, की आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरला असा करार करायचा अधिकारच नव्हता! कोर्टाने ते मानलं नाही, पण फॅनने काय समजायचं सांगा, क्लबमध्ये सही कोणाची चालते हे क्लबलाच ठरवता येत नव्हतं.

२०१७ ला अजून एक पायरी खाली, तिसऱ्या लीगमध्ये. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिथपर्यंत घसरायची ती पहिलीच वेळ. तारीख परत ७ मे. त्या दिवशी ब्लॅकबर्न ब्रेंटफर्डला हरवून जिंकले होते आणि तरी फक्त गोल डिफरन्सवर, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकावर, गेले. तुमच्या ऑफिसातला माणूस हे सगळं बघत मोठा झाला नाहीये, तो आधीच मोठा होता, त्याने १९९५ पण बघितलंय, त्याची दोन मिनिटं त्यातच गेली असणार.

प्रश्न : तुम्ही लोक मालकांना नावं ठेवता पण पैसे तर त्यांनीच घातले ना? मी स्वतः धंदा करतो. इतकी वर्षं तोट्यात चालणारी गोष्ट खिशातून चालवायची आणि वरून शिव्या खायच्या, हे मला पटत नाही. — एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, तुमचं म्हणणं अर्धं मला पूर्ण मान्य आहे. व्यंकीजनी ब्लॅकबर्नमध्ये वर्षानुवर्षं प्रचंड पैसा घातलाय, क्लब बंद पडू दिला नाही, आणि इंग्लंडमध्ये बरी (Bury) किंवा बोल्टनसारख्या क्लबांची जी अवस्था झाली ती बघता ही साधी गोष्ट नाही. बरी तर २०१९ ला लीगमधून काढूनच टाकला गेला. हे ब्लॅकबर्नचे समजूतदार फॅन्स पण कबूल करतात. आणि टोनी मोब्रेसारखा मॅनेजर आल्यावर त्याला त्यांनी २०१७ ते २०२२ वेळ दिला, तो टीमला एका वर्षात परत वर घेऊन आला, हेही सांगायला पाहिजे.

पण धंद्याचंच उदाहरण घ्या. तुम्ही परगावी एक दुकान घेतलं, दर महिन्याला पैसे पाठवताय, पण दुकानात मॅनेजर कोण, माल कोण उचलतो, गिऱ्हाईकाने तक्रार केली तर उत्तर कोण देणार, हे काहीच ठरवलं नाही, तुम्ही स्वतः वर्षानुवर्षं तिकडे फिरकला पण नाहीत, तर ते दुकान चालेल का? पैसे पाठवणं आणि दुकान चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आता अलीकडचं बघा. जानेवारी २०२३ ला ट्रान्सफर विंडोच्या, म्हणजे खेळाडू घ्यायच्या मुदतीच्या, शेवटच्या दिवशी लुईस ओब्रायन नावाचा खेळाडू दुसऱ्या क्लबकडून लोनवर, म्हणजे तात्पुरता, येणार होता, कागदपत्रं वेळेत गेली नाहीत म्हणून आला नाही. बरं, एकदा होतं. पुढच्या वर्षी परत तेच, डंकन मॅग्वायर, अमेरिकेतून विमानात बसून आलेला पोरगा, कागदांच्या घोळात परत गेला. त्यात पैशाचा प्रश्न नव्हता हो, फॉर्म कोण भरतंय याचा प्रश्न होता. त्याच सुमाराला भारतातून पैसे पाठवायला अडचण सुरू झाली, ईडीच्या चौकशीमुळे प्रत्येक वेळी दिल्ली हायकोर्टाची परवानगी आणि तेवढीच बँक गॅरंटी द्यावी लागायला लागली, आणि क्लबच्याच अकॅडमीत वाढलेला अॅडम व्हार्टन, विशीतसुद्धा न आलेला, क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. त्या पोराने पुढे इंग्लंडकडून खेळायला काही महिनेच घेतले.

मग फेब्रुवारी २०२५. जॉन यूस्टेसने टीम पाचव्या नंबरवर आणून ठेवलेली, प्रीमियर लीगमध्ये जायच्या प्लेऑफ सामन्यांची जागा हातात, आणि तो सोडून गेला कुठे तर डर्बी काउंटीला, जी टीम तेव्हा तळाशी, खालच्या लीगमध्ये जाऊ नये म्हणून झगडत होती. मॅनेजर वरची टीम सोडून खालच्या टीमकडे स्वतःच्या पायाने जातो तेव्हा त्याला घरात काय दिसलं असेल? सीझन संपला तेव्हा ब्लॅकबर्न सातवे, प्लेऑफपासून फक्त दोन पॉइंट लांब. त्याच मे महिन्यात क्लबने आपली महिला टीम दुसऱ्या लीगमधून काढून घेतली, आणि ते वर्ष क्लबच्या दीडशेव्या वाढदिवसाचं होतं.

म्हणून म्हणतो, फॅन्स तुमचा पैसा मागत नाहीयेत. मालक कुठे आहेत, त्यांना क्लबचं काय करायचंय, हे एकदा गावात येऊन सांगा, एवढंच मागतायत, आणि ते तर फुकट आहे ना दादा.

प्रश्न : मी मँचेस्टर युनायटेडची फॅन, ठाण्याची, वय २१. मला कळायला लागल्यापासून आमचा मॅनेजर बदलतोच आहे. घरात बाबा म्हणतात मॅनेजर चांगला मिळत नाही तुम्हाला. मी म्हणते मालक. कोण बरोबर? — एक विद्यार्थिनी

उत्तर : तू बरोबर आहेस, पण बाबांना नीट समजावून सांग.

ग्लेझर कुटुंबाने २००५ ला क्लब घेतला साधारण ७९ कोटी पौंडांना, आणि त्यातले बरेचसे कर्जाऊ होते आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर. म्हणजे तुझ्या घराला तारण ठेवून कोणीतरी तुझंच घर विकत घेतलं आणि हप्ते तू भरायचे. त्याआधी क्लबवर कर्ज जवळजवळ नव्हतंच. त्याच वर्षी काही फॅन्स वैतागून बाहेर पडले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर म्हणून स्वतःचा क्लब काढला. २०१० ला हजारो लोक क्लबच्या मूळ न्यूटन हीथच्या रंगांचे हिरवे-सोनेरी स्कार्फ घालून आले. मे २०२१ ला लोक थेट ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात उतरले आणि लिव्हरपूलची मॅच पुढे ढकलावी लागली.

हे कर्जाचं ओझं मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसनच्या काळात झाकलं गेलं, कारण तो जिंकत होता. २०१३ ला तो गेला आणि मग मॉयेस, व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शायर, थोडे दिवस रांगनिक, टेन हाग, आमोरिम. ही यादी बाबांना मोठ्याने वाचून दाखव. त्यात कुठलाच धागा नाहीये. व्हॅन हालला बॉल पायात ठेवायचा असतो, मोरिन्योला मागे बसून मारायचं असतं, रांगनिक सगळीकडे दाबणारा, आमोरिम मागे तीन जण लावणारा. प्रत्येकासाठी वेगळे खेळाडू घ्यायचे, तो गेला की ते खेळाडू पुढच्याला नको असतात पण पगार चालू. मॅनेजर वाईट होते असं नाहीये, मोरिन्योने तर दोन ट्रॉफ्या दिल्या पहिल्याच सीझनला. पण आपल्याला कसा फुटबॉल खेळायचाय हे क्लबने आधी ठरवायचं आणि मग त्याला साजेसा माणूस शोधायचा, हे काम वरच्यांनी केलंच नाही.

आणि सगळ्यात वाईट वाटतं ते २०२४ चं. फेब्रुवारीत जिम रॅटक्लिफ या ब्रिटिश उद्योगपतीने २७.७ टक्के हिस्सा घेतला, फुटबॉलचे निर्णय आता तो बघणार म्हणून सगळ्यांना आशा लागली, मलाही लागली होती. टेन हाग मे मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला, जुलैत त्याचा करार वाढवला, आणि ऑक्टोबरच्या शेवटी काढून टाकला. मधे त्याच्या पसंतीच्या खेळाडूंवर पैसे घातलेलेच. डॅन अॅशवर्थ नावाचा स्पोर्टिंग डायरेक्टर न्यूकॅसलकडून महिनोन् महिने भांडून आणला आणि पाच महिन्यांत तो गेला. त्याच काळात ऑफिसातल्या साध्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि उरलेल्या तिकिटांचा दर मेंबरांसाठी सरसकट ६६ पौंड केला, मुलांना-म्हाताऱ्यांना सवलत नाही. आपली चूक आणि बिल दुसऱ्याच्या नावावर, राग येणार नाही तर काय होणार.

प्रश्न : जर्मनीत म्हणे असं होत नाही, खरं का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : बऱ्यापैकी खरं. तिकडे ५०+१ म्हणून नियम आहे, क्लबच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं सभासदांकडेच राहायला हवीत, म्हणजे पैसेवाला आला तरी एकटा काही ठरवू शकत नाही. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्गसारखे कारखान्यांचे क्लब अपवाद आहेत, आणि लाइपझिगने मोजकेच सभासद ठेवून नियमाला बगल दिली म्हणून तिकडचे फॅन्स अजून चिडून आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगच्या टीव्हीच्या हक्कांत बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं चाललं होतं तर लोकांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिस बॉल फेकून मॅचेस थांबवल्या आणि लीगने तो विचार सोडून दिला. इंग्लंडनेही जुलै २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणलाय. मैदान विकणं, क्लबचा लोगो किंवा रंग बदलणं यावर आता लगाम आहे. मॅनेजर कोण नेमायचा हे मात्र मालकाच्याच हातात.

प्रश्न : सर, परदेशातलं सोडा, आपल्याकडे फॅन्सना कोण विचारतं? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : नाही विचारत, पण कधीकधी ऐकावं लागतं. मोहन बागानचंच घ्या. १८८९ चा क्लब, २०२० ला कोलकात्याच्याच एटीके या क्लबबरोबर एकत्र केला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. कोलकात्यातल्या लोकांनी तीन वर्षं सोडलं नाही, 'रिमूव्ह एटीके' म्हणून बॅनर, बहिष्कार, घोषणा. मार्च २०२३ ला गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल जिंकली आणि तिथेच मालकांनी जाहीर केलं की एटीके नाव जाणार. कप जिंकल्याचा आनंद होताच पण खरे रडले लोक ते त्या घोषणेला.

आणि तुम्ही पिंपरीचे, तुम्हाला मी पुण्याचं काय सांगू. पुणे एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी, तीन व्यावसायिक क्लब, तिन्ही गेले. पुणे सिटीची आयएसएलमधली जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली. बालेवाडीला ढोल घेऊन येणाऱ्या, नारिंगी जर्सी घातलेल्या पोरांचं काय झालं कोणी विचारलं? क्लब मालकाच्या एका कंपनीचं खातं असेल तर खातं बंद झालं की क्लब बंद, एवढं ते साधं असतं.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे मला ही गोष्ट दुसऱ्या टोकाने दिसते. आमच्याकडे पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, ह्या सगळ्या तालमी, पेठेच्या मालकीच्या. लहानपणी मी शाहू स्टेडियमवर दगडी पायरीवर काकांच्या शेजारी बसायचो, कागदात भेळ, आणि आमच्या टीमने चुकीचा पोरगा खेळवला की काका हाफ टाइमला उठून थेट बाकापाशी जायचे आणि कोचला तोंडावर सांगायचे, अरे त्याला का बाहेर बसवलास. कोच पण उत्तर द्यायचा, कधी चिडून, कधी समजावून. कारण संध्याकाळी दोघं एकाच चौकात उभे राहणार असायचे. त्या तालमीत भांडणं होतात, राजकारण होतं, पैशाची चणचण तर कायमचीच. पण ती उद्या कोणी हैदराबादला नेऊ शकत नाही. ब्लॅकबर्नचा माणूस ज्यासाठी तळमळतोय ते हेच आहे, की बाकापाशी जाऊन विचारावं आणि समोरच्याने उत्तर द्यावं.

आता पहिल्या पत्रातला राहिलेला प्रश्न : मुलाला घेऊन मॅचला जावं का?

जा. नक्की जा. त्याने बोलावलंय म्हणजे त्याचा राग तुमच्यावर नाहीये, तो फक्त त्या दिवशी बोलू शकला नाही. मैदानात ३१ हजार माणसं मावतात आणि हल्ली खूप जागा रिकाम्या असतात, त्यामुळे शेजारी शेजारी बसायला मिळेल. मुलाला अर्धी निळी अर्धी पांढरी जर्सी घेऊन द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, काही फॅन्स क्लबच्या दुकानात पैसे घालायचे नाहीत असं ठरवून आहेत, तर आधी त्या सहकाऱ्यालाच विचारा, त्याला ते विचारलेलं आवडेल. मॅचच्या आधी बाहेर जॅक वॉकरचा पुतळा आहे तिथे थोडं थांबा आणि त्याला १४ मे १९९५ बद्दल बोलतं करा. त्या दिवशी ब्लॅकबर्न अॅनफिल्डवर लिव्हरपूलशी २-१ हरले होते, सगळं संपलं असं वाटत होतं, आणि तेवढ्यात लंडनहून बातमी आली की युनायटेड वेस्ट हॅमशी बरोबरीत सुटलं, आणि एका पॉइंटने ब्लॅकबर्न चॅम्पियन. शिअररने त्या सीझनला ३४ गोल केले होते. पुण्याचं नाव निघालं तर निघू दे, तुम्ही ऐकून घ्या. इतक्या वर्षांत पुण्याहून आलेला कोणीतरी शेजारी बसून त्याचं ऐकतोय, असं त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच होत असेल.

मॅच झाली की कळवा, आणि मुलाला काय आवडलं तेही लिहा.